तारापूर-बोईसरवाल्यांनो, अणुवीज प्रकल्पाने तुमच्या भागाला नक्की काय दिलं?

साखरीनाट्याचा शेजारी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, जैतापूरच्या बाजूचा. आमच्याकडे माडबनच्या, म्हणजे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं गुऱ्हाळ किती वर्षं चालू आहे ते सगळ्यांना माहितीच आहे. १६५० मेगावॅटची एक अशा सहा भट्ट्या, टोटल ९९०० मेगावॅट, फ्रेंच कंपनी, पाच गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन घेऊन झाली, कुंपण पडलं, आणि आत अजून गवतच वाढतंय. मधेच पेपरात बातमी येते की आता करार होणार, की परत गावात दोन तट पडतात आणि महिनाभर एकमेकांशी कोणी धड बोलत नाही.

एक तट म्हणतो प्रकल्प आला की सोन्याचा धूर निघेल, पोरांना मुंबईला जावं लागणार नाही. दुसरा म्हणतो खाडीत मासा राहणार नाही, आंबा जाईल. आणि दोघंही उदाहरण देतात तारापूरचं! एक म्हणतो बघा बोईसर कुठच्या कुठे गेलं, दुसरा म्हणतो बघा तिथल्या कोळ्यांचं काय झालं. म्हटलं सरळ तिथल्याच लोकांना विचारावं. पन्नासेक वर्षं झाली ना तुमच्याकडे भट्टी चालून, म्हणजे अंदाज नको, प्रत्यक्ष काय झालं ते सांगा. वीज स्वस्त मिळते का, लाईट जाते का, नोकऱ्या कोणाला लागल्या, जमिनीचे भाव, मासेमारी, जे माहिती असेल ते. देशाची प्रगती आणि चेर्नोबिल ही दोन भाषणं मात्र नकोत प्लीज, ती आम्हाला पाठ आहेत.

---

बोईसर पूर्व यांचं उत्तर:

भाऊ पहिल्यांदा विजेचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. बिल तुम्हाला जसं येतं तसंच आम्हाला. एक पैसा सवलत नाही. आणि लाईट जाते, पावसाळ्यात तर हमखास जाते, झाड पडलं, फिडर ट्रिप झाला, डीपी उडाला, की बसा. घराच्या गच्चीवरून टॉवरची रांग दिसते आणि खाली इन्व्हर्टरवर पंखा चालू, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. का ते इथे लाईन खात्यातले कोणी असतील ते नीट सांगतील.

आता बोईसर मोठं झालं ते खरंय पण ते प्लांटमुळे झालं असं सरसकट म्हणू नका. प्लांटच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ ला सुरू झाल्या, देशातला पहिला व्यापारी अणुवीज प्रकल्प, त्याचं नाव झालं, कॉलनी झाली, शाळा चांगली आली, देशभरातले लोक राहायला आले. पण बोईसरला खरी गर्दी आणली ती एमआयडीसीने. केमिकल, औषधं, कापड, स्टील, ते सगळं तारापूर एमआयडीसी म्हणून ओळखलं जातं त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की हे सगळं अणुवाल्यांचं. आणि तिसरी गोष्ट रेल्वे. २०१३ मधे लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून जे टॉवर उभे राहिले ते बघा. माझ्या मते क्रम लावायचा तर एमआयडीसी, रेल्वे, आणि मग प्लांट. तुमच्या माडबनला यातलं पहिलं दुसरं काहीच नाही, त्यामुळे बोईसर दाखवून कोणी स्वप्नं विकत असेल तर हे त्याला विचारा.

प्लांटचा फायदा झाला नाही असं नाही हां. परमनंट माणसाचा पगार चांगला आणि वेळेवर, तो पैसा इथेच फिरतो, भाड्याची घरं, दुकानं, क्लासेस, रिक्षा, टेम्पो, कँटीनची कंत्राटं. फॅक्टरी मंदीत बंद पडते, प्लांट बंद पडत नाही, हा स्थिरपणा बाजारपेठेला कळतो. पण परमनंट भरती ही देशपातळीवर जाहिरात काढून होते, परीक्षा, इंटरव्ह्यू. इथल्या पोराला तो गावचा आहे म्हणून आपोआप कोणी आत घेत नाही. आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी केलेली पोरं ट्रेनी म्हणून लागली, ज्यांच्या घरात शिक्षण आधीपासून होतं त्यांची. बाकीच्यांना कंत्राटदाराकडे.

जमिनीचं थोडं वेगळं आहे, प्लांटच्या भोवती साधारण पाच किलोमीटरच्या पट्ट्यात लोकवस्ती एकदम वाढेल असं काही नवीन येऊ देत नाहीत, गावाची नैसर्गिक वाढ चालते पण मोठी टाऊनशिप किंवा कारखाना नाही. म्हणजे भाव वाढले ते बोईसरला, प्लांटला अगदी चिकटून असलेल्या गावांना नाही. हे आमच्याकडे कोणी आधी सांगितलं नव्हतं, तुम्ही नोंद करून ठेवा.

---

लोड डिस्पॅच (रिटायर्ड) यांचं उत्तर:

आयुष्य पारेषणात गेलं त्यामुळे वरच्या बिलाच्या प्रश्नाला हात घालतो, जरा लांबेल.

तारापूरची वीज तारापूरची नसतेच मुळी. ती ४०० केव्हीच्या लाईनवरून बोईसर आणि पडघ्याच्या मोठ्या सबस्टेशनला जाते, तिथून पश्चिम ग्रिडमधे. बोईसरच्या घरात जी वीज येते ती वितरण कंपनीच्या ३३ आणि ११ केव्हीच्या जाळ्यातून येते. ते जाळं जुनं असेल, फांद्या छाटल्या नसतील तर शेजारी १४०० मेगावॅट असले काय आणि १४ हजार असले काय, लाईट जाणारच. आणि घरगुती दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, एका वितरण कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना सारखा. गडचिरोलीला जो दर तोच पालघरला. चंद्रपूरवाल्यांना विचारा, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उशाला, राख त्यांच्याकडे, दर मात्र सगळ्यांसारखाच.

वाटप कसं होतं ते बघा. सुरुवातीच्या दोन भट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातने वाटून घ्यायची असं होतं. जागाच त्यासाठी निवडलेली, मुंबई आणि अहमदाबादच्या मधे, आणि कोळशाच्या खाणींपासून लांब. ६० च्या दशकात इकडे कोळसा वाघिणीतून हजार किलोमीटरवरून आणायला लागायचा, त्यामुळे भाभांचं म्हणणं होतं की खाणीपासून लांबच्या भागाला अणुवीज परवडते. ३ आणि ४ नंबर आल्या त्यांची वीज पश्चिम विभागातल्या सगळ्यांना, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा, दमण, दादरा नगर हवेली. केंद्राच्या प्रकल्पांचा ढोबळ नियम असा की ज्या राज्यात प्रकल्प त्याला १० टक्के वरचा वाटा, १५ टक्के केंद्र स्वतःच्या हातात ठेवतं, बाकीचे सगळे राज्यांत ठरलेल्या सूत्राने. यात "राज्याला" आहे, "जिल्ह्याला" किंवा "तालुक्याला" कुठेच नाही. जलविद्युतचं बरं आहे, तिथे केंद्राच्या धोरणाप्रमाणे १२ टक्के वीज राज्याला फुकट आणि वर १ टक्का स्थानिक विकासासाठी. अणुवीजेला असा नियम नाही. माझ्या मते खरी मागणी करायची तर ही करायला हवी होती, कोणी केली नाही.

आता ग्रिडला काय मिळतं. १ आणि २ नंबर २१० मेगावॅटच्या होत्या, त्यातल्या वाफेच्या जनरेटरच्या त्रासामुळे ८० च्या दशकात १६० वर आणल्या. ३ आणि ४ प्रत्येकी ५४०. गंमत म्हणजे ४ नंबर आधी चालू झाली, २००५ ला, आणि ३ नंबर २००६ ला. ५४० पैकी पन्नासेक मेगावॅट प्लांटच खातो, पंपांना वगैरे लागतात, बाहेर पडतात ४९० च्या आसपास. म्हणजे एक भट्टी पूर्ण जोरात चालली तर दिवसाला १ कोटी १७ लाख युनिट. महिन्याला १०० युनिट जाळणारी पस्तीस लाख घरं धरा. ऐकायला खूप वाटतं, पण राज्याची उन्हाळ्यातली मागणी आता २५ हजार मेगावॅटच्या वर जाते आणि तारापूरचं सगळंच काही महाराष्ट्राला मिळत नाही. तेव्हा तारापूरवर महाराष्ट्र चालतो वगैरे जे फॉरवर्ड येतात ते डिलीट करा.

पण कंट्रोल रूममधे बसलेल्या माणसाला त्या ९८० मेगावॅटची किंमत वेगळी असते. ती वीज रात्री तीनला असते, दुपारी असते, पावसात असते. सोलर संध्याकाळी सहाला मान टाकतं, पवनचक्की तिच्या मर्जीने, कोयना पाण्याच्या कोट्यात बांधलेली. अणुभट्टी एकदा लागली की सरळ रेघ. तिला वरखाली करायला आवडत नाही म्हणून तिला "मस्ट रन" धरतात, आधी तिची घ्यायची मग कोळसा कमी-जास्त करायचा. आणि दराचं म्हणाल तर १-२ नंबरची वीज कितीतरी वर्षं १ रुपयाच्या आत पडायची, देशातल्या सगळ्यात स्वस्त विजेत तिचा नंबर होता. कर्ज फिटलेलं, इंधनाचा खर्च थोडा. त्याचा फायदा राज्याच्या वीजखरेदीच्या सरासरीत मिसळून सगळ्यांना मिळाला, कोणालाच दिसला नाही.

दुसरी बाजूही आहे. १ आणि २ नंबरला समृद्ध, म्हणजे प्रक्रिया करून ताकद वाढवलेलं युरेनियम लागतं, ते बाहेरून आणायचं. १९७४ ला पोखरण झालं आणि अमेरिकेने हात आखडता घेतला, मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया अशी दारोदार वेळ आली. ३-४ नंबरला नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी लागतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता, तरी २००७-०८ च्या सुमारास देशातच युरेनियम कमी पडलं तेव्हा आपल्या बऱ्याच भट्ट्या निम्म्या जोरावर चालवल्या. आणि १-२ नंबर २०२० ला मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या, रिॲक्टरला जोडलेले मोठे पाईप बदलायचं काम, ते काही आठवड्यांत होणारं नाही, वर्षं जातात.

जैतापूरवाल्यांना एक सांगतो, तारापूरचा दर तुमच्याकडे लावू नका. तुमच्याकडे येणार ती ईपीआर, फ्रेंच कंपनीची नवीन मोठी भट्टी. फ्लामानव्हिलला, म्हणजे खुद्द फ्रान्समधे, २००७ ला बांधायला घेतली, २०१२ ला होणार होती, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ ला. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जाच्या वर. फिनलंडची २००५ ला सुरू केलेली २०२३ ला कामाला लागली. आमच्या ३-४ नंबर स्वतःच्या डिझाईनच्या, पाचेक वर्षांत उभ्या राहिल्या. स्वस्त वीज हवी तर हा फरक आधी बघा, किरणोत्साराचं नंतर.

---

मांगेलीण यांचं उत्तर:

वरच्या काकांचं सगळं वाचलं, हुशारीचं लिहिलंय, पण त्यात समुद्र कुठेच आला नाही. आमचा सगळा हिशोब समुद्रात असतो.

प्लांट समुद्राचं पाणी आत घेतो, वाफ थंड करायला, आणि तेच गरम होऊन परत समुद्रात सोडतो. त्या पाण्यात रेडिएशन असतं असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, ते सरसकट तसं नाही, थंड करायचं पाणी वेगळं आणि भट्टीतलं वेगळं, प्लांटचं प्रक्रिया केलेलं अगदी कमी किरणोत्साराचं सांडपाणी तेवढं ठरलेल्या मर्यादेत त्यात मिसळून सोडतात. पण कोमट पाण्याने मासा बाजूला जातो हे कोळ्याला सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. किनाऱ्यावरच्या नवीन केंद्रांसाठी नियम आहे की सोडलेलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा ७ अंशांपेक्षा जास्त गरम नको. ७ अंश! उथळ पाण्यात, जिथे कोलंबी आणि बारीक मासा वाढतो तिथे. शिवाय सुरक्षेसाठी प्लांटसमोरच्या भागात बोट न्यायची नाही, म्हणजे जवळचा पट्टा गेला, लांब जायचं, डिझेल जास्त. घिवली, उच्छेळी, दांडी या गावांत छोट्या बोटीवाल्यांना हा फटका जास्त बसला, मोठे ट्रॉलरवाले कुठेही जातात.

पण मी प्रामाणिकपणे सांगते, मासा कमी व्हायला एकटा प्लांट कारण नाही, आणि सगळा दोष त्याच्यावर टाकला की खरा गुन्हेगार सुटतो. एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात. पाणी रंगीत यायचं, मासे मरून किनाऱ्याला लागायचे, त्यावर मच्छीमारांच्या संघटनेनेच हरित लवादात केस केली आणि लवादाने कारखान्यांना मोठी भरपाई लावली. आता डहाणूच्या बाजूला वाढवणचं बंदर येतंय, ७६ हजार कोटींचं, २०२४ ला भूमिपूजन झालं. प्लांट, एमआयडीसी, बंदर, सगळे एकाच किनाऱ्यावर, आणि प्रत्येक जण आपापला वेगळा अहवाल आणतो की आमच्याने काही होत नाही. तिघांचं मिळून काय होतं तो अहवाल मी अजून बघितला नाही.

गावं उठली त्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ३ आणि ४ नंबरसाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठवली. कागदावर घर मिळालं, प्लॉट मिळाला. पण किनाऱ्यापासून आत नेऊन ठेवलं. कोळ्याला पक्कं घर दिलं आणि समुद्र काढून घेतला तर त्याने त्या घरात बसून करायचं काय? बोट लावायला जागा नाही, जाळं वाळत घालायला जागा नाही, बाई मासे सुकवणार कुठे. सुक्या मासळीचा धंदा बायकांच्या हातचा होता, त्याची भरपाई कुठल्याच यादीत नव्हती कारण सातबाऱ्यावर तो धंदा लिहिलेलाच नसतो. नोकऱ्यांवरून आणि पुनर्वसनावरून वर्षानुवर्षं मोर्चे झाले, कोर्टात गेलं.

आमच्या घरची बोट होती ती विकली. भाऊ आता डायमेकिंग करतो, दागिन्यांचे साचे बनवायचे ते. चिंचणी, तारापूर, दांडीकडे घराघरात हे काम चालतं, बारीक नजरेचं काम आहे, पैसे बरे मिळतात. हा धंदा ना प्लांटने दिला ना सरकारने, लोकांनी आपला आपण उभा केला. प्लांटच्या फायद्याच्या यादीत कोणी हा धंदा घुसडला तर मला राग येतो.

---

आर.ओ. प्लांट नाही दुसरा प्लांट यांचं उत्तर:

मी कंत्राटी म्हणून शटडाऊनला काम केलंय तेव्हा नोकरीच्या बाजूचं सांगतो. भट्टी ठरावीक काळाने मोठ्या देखभालीसाठी बंद करतात, त्याला आमच्याकडे बीएसडी म्हणतात. तेव्हा एकदम शेकड्याने माणसं लागतात, वेल्डर, फिटर, रिगर, स्कॅफोल्डिंगवाले, साफसफाईवाले. त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशन, गेटपास, मेडिकल, सेफ्टीचा क्लास. काम संपलं की पास जमा आणि घरी. पुढच्या शटडाऊनला परत तोच कंत्राटदार घेईल का माहिती नाही. मी ज्याच्याकडे होतो त्याने पीएफचा घोळ घातला तो अजून निस्तरतोय, पण आत कामाची शिस्त मात्र बाहेरच्या कुठल्याही कारखान्यापेक्षा चांगली, हे मी केमिकल कंपनीतही काम केलंय म्हणून सांगतो. केमिकलवाल्याकडे गॅस लागला तर मालक म्हणतो तोंड धुवून ये.

आत आम्हाला छातीला टीएलडी बॅज लावतात, त्यात किती डोस बसला ते मोजतात. कायम कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि आमच्यासारख्या टेंपररीला वर्षाला १५. आकडा जवळ आला की आत सोडत नाहीत. पोरं कधी कधी उलटं रडतात, की डोस भरला म्हणून काम गेलं! बाहेरच्या सामान्य माणसासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि निसर्गातून आपल्याला तसेही वर्षाला दोन-अडीच मिळतातच.

जैतापूरच्या पोरांना एकच सल्ला, बांधकाम चालू असेल तेव्हा हजारो माणसं लागतात, ती बघून कर्ज काढून डंपर-जेसीबी घेऊ नका. बांधकाम संपलं की एका महिन्यात सगळं खाली येतं. आमच्याकडे ३-४ नंबर झाल्यावर किती जणांच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. त्यापेक्षा वेल्डिंगचं चांगलं सर्टिफिकेट घ्या, ते कैगाच्या अणुकेंद्राला पण चालतं, काक्रापारच्या पण चालतं, आणि आखातात पण.

---

घर घेऊ का यांचं उत्तर:

थोडं अवांतर. चिंचणीच्या बाजूला बंगल्याचा प्लॉट स्वस्तात मिळतोय, समुद्राजवळ. डहाणू-तलासरीकडे २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसतात ते आणि हा प्लांट, दोन्ही मिळून घ्यावा का? बायको नको म्हणतेय.

---

बोईसर पूर्व यांचं उत्तर:

वहिनींचं ऐका, पण कारण वेगळं. ते धक्के डहाणू-तलासरीच्या आतल्या बाजूला, धुंदलवाडीकडे जास्त बसले, लहान लहान होते, त्याने तिकडची कच्ची घरं तडकली, लोक थंडीत बाहेर झोपले. प्लांटचं बांधकाम त्यापेक्षा कितीतरी मोठा धक्का धरून केलेलं असतं. तुमचा धोका कागदाचा आहे. प्लॉट पाच किलोमीटरच्या पट्ट्यात येतो का, सीआरझेडमधे म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-बंधनाच्या पट्ट्यात येतो का, एनए (बिगरशेती) आहे का, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे त्याचे वेगळे नियम. स्वस्तात मिळतोय म्हणजे यातलं काहीतरी असणारच. तलाठ्याकडे जा, एजंटकडे नको.

---

साखरीनाट्याचा शेजारी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई तुमचं सुक्या मासळीचं वाचून आमच्या वाडीतल्या लोकांना फोनवर वाचून दाखवलं. आमच्याकडे पण जमिनीच्या भरपाईवर सगळी भांडणं झाली, हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली ती, पण ज्याची जमीनच नाही आणि खाडीवर पोट आहे त्याचं नाव यादीत कुठे घालायचं हे कोणी बोललंच नाही.

काका, ते १ टक्का स्थानिक विकासाचं तुम्ही म्हणालात त्याबद्दल अजून सांगाल का? सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामाला द्यायचा पैसा, तो मिळतो ना पण? इथले पुढारी म्हणतात सीएसआरमधून सगळं होईल.

---

लोड डिस्पॅच (रिटायर्ड) यांचं उत्तर:

सीएसआर कंपनी कायद्याने येतो, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, आणि तो पूर्ण कंपनीच्या नफ्यावर, मग कंपनी तो तिच्या सगळ्या केंद्रांच्या आसपास वाटते. शाळेच्या खोल्या, फिरता दवाखाना, रस्ते, पाण्याची टाकी, हे होतं, तारापूरलाही झालंय. पण काय करायचं ते कंपनी ठरवते, तुम्ही अर्ज करता. शिवाय भट्टी चालून नफा व्हायला लागेल तेव्हा. तुमच्याकडे भूमिपूजनापासून पहिल्या युनिटपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातील असं धरलं तर तेवढी वर्षं धूळ, ट्रक आणि बाहेरची माणसं तुमच्या वाट्याला, आणि त्या प्रकल्पाचा नफा शून्य.

जलविद्युतसारखा १ टक्का म्हणजे काय तर तयार होणाऱ्या विजेतून तेवढा हिस्सा स्थानिक भागासाठी बाजूला काढायचा, नफा होवो न होवो. ९९०० मेगावॅटचा १ टक्का म्हणजे ९९ मेगावॅट. ८० टक्के क्षमतेने धरलं तरी वर्षाला जवळपास ७० कोटी युनिट. युनिटला ३ रुपये लावा, २०० कोटींच्या वर जातं. एका तालुक्याला. हे कायद्यात नाही, पण करारात घालायला कोणी अडवलेलं नाही. आणि ते सही व्हायच्या आधीच मागता येतं, नंतर तुम्हाला विचारतो कोण.

---

मांगेलीण यांचं उत्तर:

काकांनी पैशाचं सांगितलं, मी एक सांगते. आत्ताच, प्रकल्प नसताना, तुमच्या खाडीचं मोजून ठेवा. कुठल्या महिन्यात कुठला मासा किती, पाणी किती गरम, सुक्या मासळीच्या किती बायका, कालवं-शिंपल्या कोण काढतं. सोसायटीचं रजिस्टर असेल ना, त्याच्या झेरॉक्स काढा. कॉलेजची पोरं मदत करतील. आमच्याकडे आधीचा आकडा कोणाकडेच नव्हता, म्हणून मासा कमी झाला म्हटलं की समोरून विचारतात कशावरून, आणि आम्ही गप्प.

आणि बघायला यायचं असेल तर या, पण पुढाऱ्यांना घेऊन येऊ नका, त्यांना गेस्ट हाऊस दाखवून परत पाठवतात. चार बोटीवाले आणि चार बाया घेऊन या. आधी नवापूरला एमआयडीसीचं पाणी कुठे पडतं ते बघा, मग प्लांटच्या बाजूच्या गावात बसा, म्हणजे कुठला त्रास कोणाचा हे वेगळं कळेल, आणि शेवटी पोफरण-अक्करपट्टीवाल्यांकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आलात तर माणसं घरी भेटतील.